पाण्यानं वर आणलेला धूर

कॅम्पबेलटाउनच्या स्प्रिंगबँक डिस्टिलरीत मॉल्टिंगच्या खोलीत शिरलो, तेव्हा भिजलेल्या बार्लीचा गोडसर वास आला. स्कॉटलंडच्या किंटायर द्वीपकल्पावरच्या या गावात एके काळी 30 हून अधिक डिस्टिलऱ्या होत्या. आज तीन उरल्या आहेत. 1828 पासूनची स्प्रिंगबँक आपल्याला लागणाऱ्या सगळ्या बार्लीला स्वतःच मोड आणते. फरशीवर पसरलेले दाणे माणसं फावड्यांनी उलटत होती. मग भट्टीत सुमारे सहा तास पीटचा धूर आणि त्यानंतर गरम हवा. दलदलीत हजारो वर्षं दबलेल्या झाडपाल्याचा हा धूर दाण्यात मुरतो आणि ऊर्ध्वपातनानंतरही टिकतो.

नंतर समोर आली ती 12 वर्षांची कास्क स्ट्रेंग्थ व्हिस्की. बाटलीत भरताना पाणी घालून ही 40 किंवा 46 टक्क्यांवर आणत नाहीत, त्यामुळे अल्कोहोल 55 टक्क्यांच्या आसपास. ती ज्या पिंपांत मुरते, त्यांतली काही बर्बनची, काही शेरीची. पूर्वी स्पेनहून शेरी पिंपांतूनच ब्रिटनमध्ये यायची आणि रिकामी पिंपं व्हिस्कीवाले घ्यायचे. 1980 च्या दशकात ती वाहतूक थांबली. आता स्पेनमधल्या खेरेसच्या परिसरात नव्या पिंपांत मुद्दाम ओलोरोसो शेरी मुरवून ती पिंपं इकडे पाठवतात.

पेला नाकाजवळ नेताच आधी अल्कोहोलची झणझण जाणवली. नाक जरा दूर धरल्यावर मनुका, सुकं अंजीर आणि अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा आला. पहिला घोट अगदी छोटा घेतला आणि जिभेवर थोडा वेळ थांबवला. दाट गोडवा, मग मिरीचा ठसका, आणि गिळल्यावर छातीपर्यंत ऊब. धूर होता, पण फळांच्या मागे.

चमच्यानं थोडं पाणी घातलं. झणझण ओसरली, संत्र्याची साल आणि जायफळ सापडलं. आणखी थोडं घातलं, आणि आता धूरच पुढे आला: विझत आलेल्या चुलीतल्या राखेसारखा, कोरडा, किंचित खारट. पाण्यानं तो मंदावला नाही, उलट स्पष्ट झाला.

या अनुभवाला शास्त्राचाही आधार आहे. धुराच्या वासामागच्या संयुगांपैकी एक म्हणजे ग्वायकॉल. स्वीडनमधल्या कार्लसन आणि फ्रीडमन या संशोधकांनी 2017 साली संगणकावर पाणी-अल्कोहोलच्या मिश्रणात त्याचं वर्तन तपासलं. अल्कोहोल 45 टक्क्यांपर्यंत असेल, तर ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाशी जमतं. 59 टक्क्यांच्या वर अल्कोहोलचे रेणू त्याला वेढतात आणि ते आत ओढलं जातं. माझ्या नाकाला जे कळलं, ते या निष्कर्षाशी जुळणारं आहे.

कास्क स्ट्रेंग्थ कोरीच प्यायली पाहिजे, असं अनेक रसिक मानतात. मला तसं वाटत नाही. पहिला घोट कोरा घ्यावाच; भट्टी आणि पिंप यांनी मिळून काय घडवलं, ते त्यातच कळतं. पण पुढे पाणी थेंबाथेंबानं घालत, प्रत्येक वेळी थांबून वास घेत जावं. इतर बाटल्यांत किती पाणी असावं हे कारखान्यानं आधीच ठरवलेलं असतं. इथे तो निर्णय पिणाऱ्याच्या हाती सोपवलेला आहे, आणि माझ्या लेखी कास्क स्ट्रेंग्थची खरी श्रीमंती तीच आहे.