काका, तुआ घेऊ का?

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न्यू जर्सीहून पुतण्याचा फोन. मला वाटलं, घरचा गणपती बघायचा असेल. मी फोन मखराकडे वळवला. पठ्ठ्यानं हात जोडले आणि लगेच विचारलं, "काका, रविवारी आमच्या ऑफिसच्या लीगचा ड्राफ्ट आहे. शेवटच्या फेऱ्यांत तुआ शिल्लक राहिला तर घेऊ का?"

तुआ म्हणजे तुआ टॅगोवायलोआ. 2025 मध्ये मायामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक. आपल्याकडच्या फुटबॉलशी याचा संबंध नाही. हा अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून अंगावर धावून जायचा खेळ. यात प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. चेंडू कुणाला फेकायचा हे त्यानं दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, आणि तेवढ्यात समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं त्याला आडवं करायला येतात. लॉकडाऊनमध्ये या पुतण्यानंच मला हे वेड लावलं. आता पहाटे उठून मॅच बघणारा विट्यातला मी बहुतेक एकटाच पत्रकार असेन. घरात यावरून पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत.

फॅन्टसीबद्दल मी वेगळं सांगायला नको. आपल्या पोरांनी आयपीएलवर संघ लावून बरंच काही शिकून घेतलंय. 22 ऑगस्ट 2025 ला ऑनलाइन गेमिंग कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, पैसे लावून खेळायच्या स्पर्धा बंद पडल्या, आणि मंडळाच्या मांडवात पोरं तोंडं पाडून बसली आहेत. त्या कायद्यावर पुन्हा कधीतरी. आज तुआबद्दल लिहायचंय, आणि थोडं माझ्याबद्दल.

पुतण्याचा प्रश्न निव्वळ गणिताचा होता, म्हणून आधी गणित सांगतो. नेहमीच्या हिशोबात क्वार्टरबॅकला फेकीच्या 25 यार्डांना एक पॉइंट, फेकीवर टचडाऊन झालं तर चार. स्वतः धावला तर मात्र 10 यार्डांनाच एक पॉइंट आणि टचडाऊनला सहा. 2023 मध्ये तुआ सगळेच्या सगळे 17 सामने खेळला आणि 4,624 यार्ड फेकून लीगमध्ये पहिला आला. पण त्या वर्षी धावून टचडाऊन एकही नाही. बफेलोच्या जॉश ॲलननं धावून 15 केले. म्हणजे 90 पॉइंट नुसते पायांचे! म्हणून तुआ कितीही अचूक फेकत असला (2024 मध्ये त्याच्या जवळपास 73 टक्के फेकी बरोबर हातात गेल्या) तरी फॅन्टसीवाले त्याला मागेच ठेवतात.

मागे ठेवायचं दुसरं कारण त्याचं डोकं.

25 सप्टेंबर 2022. बफेलोविरुद्धच्या मॅचमध्ये पडल्यावर तो उठला, डोकं झटकलं, चार पावलं टाकली आणि लडखडला. सगळ्या जगानं बघितलं. तरी दुसऱ्या हाफमध्ये तो मैदानात परत. संघ म्हणाला, पाठीचं दुखणं आहे. चारच दिवसांनी, 29 तारखेला, सिनसिनाटीत त्याला गरकन फिरवून आपटलं. त्या वेळी त्याच्या हाताची बोटं चेहऱ्यासमोर जशी वाकडीतिकडी होऊन ताठ राहिली ते ज्यानं बघितलं तो विसरणार नाही. स्ट्रेचरवरून दवाखान्यात. मग लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी चौकशी केली. निघालं काय, तर प्रक्रिया पाळली गेली होती, पण निष्पन्न झालं ते त्या प्रक्रियेला अपेक्षित नव्हतं. (नियम पाळले आणि माणूस आडवा झाला, हे वाक्य तहसीलमध्ये बातमीला जाणाऱ्या माणसाला नवीन नाही.) ऑक्टोबरमध्ये नियम बदलला: तोल गेलेला दिसला, बोलणं अडखळलं, की त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही.

त्याच वर्षी नाताळच्या दिवशी ग्रीन बेविरुद्ध पुन्हा डोकं आपटलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, तो खेळत राहिला. संघाकडे शेवटच्या तीन वेळा चेंडू आला तेव्हा तिन्ही वेळा त्याची फेक समोरच्यांच्या हातात गेली. दुसऱ्या दिवशी लक्षणं कळली. फॅन्टसीत अशा फेकीला बऱ्याच ठिकाणी उणे दोन असतात. म्हणजे उणे सहा. त्या दिवशी त्याला संघात लावून हरलेल्या किती जणांनी त्याला शिव्या घातल्या असतील!

पुढे त्यानं निवृत्तीचा विचार केला, घरच्यांशी बोलला, हे त्यानं स्वतः सांगितलंय. निवृत्त झाला नाही. त्याऐवजी जुजुत्सू शिकला. कशासाठी? तर पडायचं कसं हे शिकायला. डोकं जमिनीला लागू न देता पाठीवर कसं गोलांटायचं. पंचविशीतला करोडपती माणूस मॅटवर नुसता पडायचा सराव करतोय! पुढचं वर्ष म्हणजे तेच, 17 पैकी 17 सामने. जुलै 2024 मध्ये चार वर्षांचा करार झाला, 21 कोटी 24 लाख डॉलर.

आणि दोन महिन्यांच्या आत 12 सप्टेंबर. पुन्हा बफेलो. आपल्याकडे 13 तारखेची सकाळ, त्या वर्षीच्या गणपतीतलीच. मी चहा घेऊन बघत होतो. न धावणारा तुआ चेंडू घेऊन धावला, पाय पुढे करून घसरायचं सोडून डोकं खाली घालून भिडला. समोर होता डमार हॅम्लिन. हा तोच हॅम्लिन, ज्याचं हृदय 2 जानेवारी 2023 ला चालू मॅचमध्ये छातीवर मार बसून थांबलं होतं आणि मैदानावर छाती दाबून त्याला परत आणलं होतं. तेही सिनसिनाटीतच, ज्या मैदानावर तुआ पडला होता तिथेच. एकाच मैदानावरून स्ट्रेचरवर गेलेली दोन माणसं एकमेकांना धडकली आणि तुआचे हात पुन्हा तसेच ताठ झाले.

माझा चहा हातात तसाच. तेवढ्यात पुतण्याचा मेसेज: "काका, गेला आपला तुआ. चार आठवडे तरी आयआरमध्ये टाकावा लागेल. बदली कोण घेऊ?"

फॅन्टसीच्या संघात जखमी खेळाडूसाठी वेगळा कप्पा असतो, तोच हा आयआर. त्यात टाकला की बाकावर एक जागा मोकळी होते. मला त्याचा राग आला. एवढ्या लवकर? अजून तो माणूस नीट उठलाही नाही. मी लिहिणार होतो, "लाज वाटू दे जरा." लिहिलं नाही. कारण मला आमचा पोरगा आठवला.

नाव सांगत नाही, तालुक्यातल्या जुन्या लोकांना कळेल. कबड्डीत चढाईला गेला की मैदान उठून उभं राहायचं. एका जत्रेच्या स्पर्धेत, सेमीफायनलला, पकडीत गुडघा फिरला. मी तिथेच होतो, वही घेऊन. त्याला चौघांनी उचलून नेलं, आणि मी काय केलं? संघाच्या कोचला विचारलं, "उद्या फायनलला कोण?" दुसऱ्या दिवशी माझ्या नावानं बातमी: संघाला मोठा धक्का. दोन कॉलम. धक्का संघाला! गुडघ्याचं काय झालं, ऑपरेशनचा खर्च कुणी केला, आयोजकांनी काही दिलं का, यातलं एक अक्षर त्या बातमीत नाही आणि त्यानंतर मी लिहिलेल्या कुठल्याच बातमीत नाही. मी त्याला माझ्या आयआरच्या कप्प्यात टाकलं होतं. फायनलची बातमी मात्र फोटोसकट दिली.

तुआ चार सामने बाहेर बसला. त्यातले तीन डॉल्फिन्स हरले. ऑक्टोबरअखेर परत आला. डोक्यावर जादा मऊ टोपी घालणार का विचारलं तर म्हणाला, नाही, तो माझा वैयक्तिक निर्णय. मला हे पटलेलं नाही. पण कुणी सांगायचं? कंत्राट त्याचं, डोकंही त्याचं. वर्षअखेर कंबर दुखावली, शेवटचे दोन सामने गेले. 17 पैकी 11 खेळला.

तर या वेळी पुतण्याला मी सरळ सांगितलं. अरे, पहिला क्वार्टरबॅक म्हणून घेऊ नकोस, 17 सामन्यांचा भरवसा नाही. दुसरा म्हणून शेवटी मिळाला तर घे. वॅडल, हिल, अचान असताना खेळला त्या दिवशी पॉइंट देईल. आणि एक, तो धावला म्हणून खूश होऊ नकोस.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "काका, तुम्हाला त्याला घेऊ नको असं म्हणायचंय का?" म्हटलं, घे की. पण पडला तर बदलीचं मला लगेच विचारू नकोस. दुसऱ्या दिवशी विचार.

आज सकाळी त्याचा मेसेज आला: तेराव्या फेरीत घेतला. येत्या रविवारी पहिली मॅच.

आमचा पोरगा आता यंत्रमागावर दोन पाळ्या करतो. गौराई आणायला बाजारात गेलो होतो तिथे दिसला. पाय अजून किंचित ओढतो. एवढ्या वर्षांनी मी विचारलं, गुडघा कसा आहे रे? हसला. म्हणाला, "दादा, आत्ता आठवण झाली व्हय?" मग म्हणाला, एमआरआयची फाइल घरातच आहे, किती पैसे कुणाकडून उसने घेतले तेही वहीत लिहिलंय, बघायचं तर या. विसर्जन झालं की रविवारी त्याच्याकडे जातोय.