चंदेरी, पण टिकाऊ!

‘वीकेंडला काय केलंस?’ या प्रश्नावर मी ‘सिल्व्हर कलर शोधला’ असं सांगितलं, की मैत्रिणी हमखास विचारतात, ‘नेलपॉलिश?’ नाही गं बायांनो, विमानासाठी. तेही बाबांच्या!

बाबांना रिटायर झाल्यावर एरोमॉडेलिंगचं वेड लागलं. आठ महिने बाल्साचं लाकूड कापून, चिकटवून, घासून त्यांनी पी-५१ मस्टँग उभं केलं. दुसऱ्या महायुद्धातलं हे अमेरिकन फायटर १९४४ पासून बिनरंगाचं, चकाकत्या धातूच्याच अंगानं यायला लागलं. तोच लूक बाबांना हवा होता. दुकानदारानं ‘एकदम पक्का’ म्हणून स्प्रे कॅन दिला आणि दोन फ्लाइट्समध्ये नाकापासून पोटापर्यंतचा रंग फडक्याबरोबर निघून आला. बाबा काही बोलले नाहीत. विमान माळ्यावर गेलं आणि रविवारचा पेपर दुपारपर्यंत पुरायला लागला. मला तेच बघवेना.

व्हिलन होतं इंधन. बॅटरीवालं विमान घेतलं असतं तर प्रश्नच नव्हता, पण बाबांना इंजिनचा आवाज हवा! या ग्लो इंजिनात पेट्रोल नसतं. मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि वंगणाला एरंडेल किंवा सिंथेटिक तेल असतं. सायलेन्सरमधून तेल आणि न जळलेलं इंधन थेट विमानाच्या अंगावर उडतं. साध्या लॅकरसाठी हे म्हणजे जवळजवळ थिनरच. मेटॅलिक रंगात तर अॅल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. त्यांना धरून ठेवणारा बाइंडर विरघळला, की चमक गेलीच.

उत्तर सापडलं नाना पेठेत, गाड्यांच्या रंगाच्या दुकानात. आपल्या कारवरचा सिल्व्हरही एकटा टिकत नाही. त्याच्यावर हार्डनर मिसळलेला पॉलियुरेथेनचा क्लिअर कोट असतो. साधा लॅकर नुसता वाळतो, म्हणून पुन्हा विरघळतो. हार्डनरवाला मात्र रासायनिक क्रियेनं घट्ट होतो आणि मग इंधनाला सहज दाद देत नाही. फक्त, या हार्डनरमधल्या आयसोसायनेटनं दमा होऊ शकतो, साधा कापडी मास्क इथे कामाचा नाही. म्हणून फवारणीचं काम आम्ही सरळ पेंटिंग बूथवाल्या कारागिराकडे दिलं.

आधी बाल्साच्या तुकड्यावर ट्रायल घेतली. पातळ सिल्व्हर, वर पातळच क्लिअर (थर जाड झाला की वजन वाढतं ना!), मग आठवडाभर थांबलो. त्यावर इंधनाचा थेंब टाकून बाबा घड्याळ लावून बसले. पंधरा मिनिटांनी पुसलं, तर फडकं पांढरंच!

‘पण रंगवलेलं खोटं दिसेल’ ही त्यांची शेवटची कुरकुर होती. त्यावरही औषध मिळालं. खऱ्या मस्टँगच्या पंखांवरसुद्धा हवा सुरळीत वाहावी म्हणून सांधे बुजवून अॅल्युमिनियम रंगच मारत.

आता बाबा रविवारी सहालाच गायब होतात. आई वैतागते, मी मात्र खूश! अख्खा पेपर माझा.