कुलपाची गळती

मी कर्नलमध्ये आहे असं सांगितलं की आमच्या नात्यातली वडीलधारी मंडळी एकदम ताठ बसतात. "कुठल्या पलटणीत?" हा पुढचा प्रश्न. लिनक्सचा कर्नल म्हणजे संगणक चालवणारा मुख्य प्रोग्राम, १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने सुरू केलेला, हे सांगेपर्यंत चहा निवतो.

त्यातलं फाइलींचं खातं माझ्याकडे. एका फाइलीत एका वेळी एकानेच लिहावं म्हणून तिथे कुलूप असतं. कुलूप कसलं, चाळीतल्या संडासाची कडी! आत जाणाऱ्याने लावायची, निघताना काढायची. बाकीच्यांनी टमरेल धरून रांगेत उभं राहायचं. माझ्या वाट्याला आलेल्या प्रकरणात एक गृहस्थ आत गेले, कडी लावली, नळाला पाणी नाही असं पाहिलं आणि मागच्या खिडकीतून पसार झाले. म्हणजे मेमरी मागितली, मिळाली नाही, आणि काम 'रिटर्न' म्हणून तिथूनच परतलं. कडी लागलेलीच. ह्याला आमच्यात लॉक लीक म्हणतात, कुलपाची गळती.

आता रांगेतल्यांचे हाल ऐका. ह्या रांगेतल्या प्रोग्रामला मरणसुद्धा येत नाही. नऊ नंबरचा सिग्नल हा तिथला यमदूत, पण तोही दारात ताटकळतो. १२० सेकंद झाली की कर्नल 'अमका अडकला आहे' अशी वहीत नोंद करतो आणि स्वस्थ बसतो. (सरकारी खात्यात काढला असता तर शोभला असता.) शेवटी मशीनच बंद करून चालू करायचं. मग ज्याचा रात्रभर बसवलेला हिशेब डिस्कवर उतरायचा राहिला, त्याचा तो गेला. त्याला ह्यात विनोद दिसत नाही.

पहारेकरी आहे, नाही असं नाही. २००६ पासून कर्नलमध्ये लॉकडेप आहे; कडी न काढता कोणी बाहेर पडला की तो बोंब मारतो. पण मेमरी संपते क्वचित, आणि खिडकीतून कोणी गेलंच नाही तर तो बिचारा ओरडणार कोणावर? मी मुद्दाम मेमरी नाकारायची सोय केली. तिसऱ्या खेपेला बोंब ऐकू आली.

दुरुस्ती एका ओळीची. 'रिटर्न' खोडून 'गो टू' लिहायचं: शेवटी जिथे कडी काढतात तिथे जा. ह्याच 'गो टू'वर १९६८ साली डाइक्स्ट्रांनी जाहीर झोड उठवली होती. आणि कर्नलच्या नियमावलीत अशा प्रसंगी तोच बरा म्हटलंय. घरातून हाकललेला भाचा कार्याच्या दिवशी पंगत वाढायला लागतोच की!

"दोन दिवस काय करत होतात?" सौ.नं विचारलं.

"एक ओळ बदलली. आणि ती का बदलली ते चौदा ओळींत लिहिलं."

"कसली ओळ?"

"गळती होती, ती काढली."

"अगंबाई, येतं का तुम्हाला? मग न्हाणीघरातला नळ तीन आठवडे गळतोय."