चिलटं, दादा आणि आईचा हिशेब

केळी जरा जास्त पिकली, की आमच्या स्वयंपाकघरात चिलटं जमतात. आई फडक्यानं त्यांना हाकलते आणि मी बघत बसते. एमएस्सीला असताना काचेच्या नळ्यांमधून याच माश्या मी पाळल्या आहेत. ड्रॉसोफिला, म्हणजे फळमाशी.

पण त्यांच्याशी खरी गाठ पडली ती दादामुळे. मी बारावीत असताना दादा इंजिन चालवण्याच्या नोकरीची लेखी परीक्षा पास झाला आणि डोळ्यांच्या तपासणीत अडकला. रंगीत ठिपक्यांमध्ये दडलेले आकडे त्याला दिसलेच नाहीत. लाल-हिरव्या रंगांत त्याची गल्लत होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. "हे आईकडून येतं," असं डॉक्टर म्हणाले आणि आईनं तेवढंच लक्षात ठेवलं. "माझ्यामुळे पोराची नोकरी गेली," हे वाक्य पुढे किती वर्षं आमच्या घरात फिरत होतं. दादा चिडायचा, "आई, पुरे आता!"

मग वर्गात फळमाशी शिकायला आली. मादीकडे दोन एक्स गुणसूत्रं, नराकडे एकच एक्स आणि जोडीला वाय. एक्सवर दोन हजारांच्या आसपास जनुकं असतात आणि त्यांतली बहुतेक दोघांनाही लागतात. मग नराला सगळंच निम्मं मिळायला हवं ना? पण तसं होत नाही. हर्मन मुलर यांनी जर्दाळूच्या रंगाचे डोळे असलेल्या माश्या तपासल्या. हे जनुक रंग कमीच बनवतं. मादीत त्याच्या दोन प्रती, नरात एक, तरी दोघांचे डोळे सारखेच. १९३२ मध्ये त्यांनी या भरपाईला नाव दिलं. १९६५ मध्ये भारतीय शास्त्रज्ञ ए. एस. मुखर्जी आणि जर्मनीचे बीअरमन यांनी दाखवलं, की नराचा एकटा एक्स जवळजवळ मादीच्या दोन एक्सइतकं काम करतो.

हे कसं घडतं? पाच प्रथिनं आणि दोन आरएनए मिळून एक टोळी बनते. ती नराच्या एक्सवर शेकडो ठिकाणी बसते, तिथली घट्ट गुंडाळी सैल करते आणि जनुकं साधारण दुपटीनं वाचली जातात. मादीत एक वेगळं प्रथिन या टोळीतला एक गडी तयारच होऊ देत नाही. टोळी बिघडली, तर नर जगत नाहीत.

हे वाचताना मला दादा आठवला. भरपाई होते ती कामाच्या प्रमाणाची. जनुकच बिघडलेलं असेल, तर शून्याची दुप्पट शून्यच. १९१० मध्ये मॉर्गन यांना सापडलेल्या पांढऱ्या डोळ्यांच्या नराचं तेच झालं होतं. त्याच्याकडे दुसरी प्रतच नव्हती.

माणसात हिशेब उलटा आहे. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स बहुतेक झोपलेला असतो. कुठे हा, कुठे तो. म्हणून एक एक्स सदोष असूनही आईला रंग नीट दिसतात. दादाकडे मात्र तोच एक आला.

एका रविवारी ओट्यापाशी आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यातूनच ना?"

"हो. पण तुझ्याकडे कुठून आलं?"

ती थांबली. मग हळूच म्हणाली, "नाना खंडेराव मार्केटात टोमॅटो घेताना आईला विचारायचे, हे पिकलेत का गं?"

"नानांचा एकुलता एक्स त्यांच्या प्रत्येक मुलीकडे जाणारच. त्यात तुझ्या हातात काय होतं?"

बराच वेळ ती केळी सोलत राहिली. "नानांना कधी दोष द्यावासा वाटला नाही मला," ती म्हणाली. आणि मग एकदम, "म्हणजे तुझ्यातही असेल?"

"असेल. निम्मी शक्यता आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही. पण ते जुनं वाक्य त्यानंतर मी तिच्या तोंडून ऐकलेलं नाही.

दादा आता गणित शिकवतो. यंदा केसर आंब्यांची पेटी त्यानंच आणली, एकेक फळाचा वास घेऊन निवडलेली. एकही कच्चा निघाला नाही. चिलटं मात्र दुसऱ्याच दिवशी हजर झाली.