आधार कुठे आहे, काका?

समाजशास्त्र हा विषय आमच्या घरात प्रथम आला तो माझ्या पुतणीच्या पिशवीतून. तोपर्यंत वटारला आमच्या ओट्यावर समाज पुष्कळ येत असे. शास्त्र मात्र कधी फिरकले नव्हते. कोणाच्या केळीला काय भाव आला, कोणाची मुलगी कुठे दिली, एवढ्या चौकशीवर आमचे भागत असे. त्यामुळे मुंबई विद्यापीठात एम. ए. करणारी ही मुलगी मागच्या पावसाळ्यात वही उघडून म्हणाली, "काका, बावखलांच्या पाण्याची वाटणी आणि भाऊबंदकी यावर मला प्रबंधिका लिहायची आहे. तुमची मदत हवी," तेव्हा मी मनातून चांगलाच फुललो. गावातला जाणता माणूस म्हणून अखेर कोणीतरी आपल्याला ओळखले, असे मला वाटले!

बावखल म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगितले पाहिजे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांमधून आमच्या पूर्वजांनी खणून ठेवलेली ही गोड्या पाण्याची तळी. पावसाचे पाणी त्यांत साठते, हळूहळू झिरपते आणि आसपासच्या विहिरी जिवंत ठेवते. समुद्र एवढा जवळ असूनही आमच्या विहिरींना गोडे पाणी मिळाले ते त्यांच्या पुण्याईने. एकेका बावखलावर चार-पाच घरांच्या वाड्या पोसल्या जात. रहाटाची पाळी कोणाची, गाळ कोणी उपसायचा, यावरून सख्खे भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नसत आणि गाळ काढायच्या दिवशी एकाच टोपलीला दोन्हीकडून हात लावीत. पुढे पंप आले, टँकर आले, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि बावखले एकामागून एक बुजू लागली.

"गावात एकूण बावखले किती होती?" तिने विचारले.

मी क्षणाचाही विलंब न लावता आकडा सांगितला. तिने तो लिहून घेतला आणि विचारले, "आधार?"

"आधार कसला? सगळ्या गावाला ठाऊक आहे!"

ती हसली आणि गप्प बसली. पण आजकालची मुले गप्प बसतात ती ऐकून घेतले म्हणून नव्हे, हे मला आठवड्याने कळले. ती पुन्हा आली ती हातात चार-पाच छापील कागद घेऊन. माझा आकडा तिला इंटरनेटवर तीन ठिकाणी सापडला होता. मी म्हटले, "पाहा, तीन साक्षीदार झाले!" ती म्हणाली, "काका, वाक्य नीट वाचा. तिन्ही ठिकाणी एकच आहे, स्वल्पविरामासकट." मग तिने धागा मागे ओढत नेला. एका प्रबंधाने तो आकडा एका लेखातून घेतला होता. लेखाने एका संकेतस्थळावरून. संकेतस्थळाने एका जुन्या स्मरणिकेतून. आणि स्मरणिकेतला तो लेख लिहिणाऱ्याचे नाव तिने माझ्यासमोर धरले. ते माझे होते.

तीसेक वर्षांपूर्वी मी तो लेख लिहिला होता, हे मी पार विसरलो होतो. आकडा कुठून आला, ते मात्र त्या कागदाबरोबर लख्ख आठवले. आमच्या शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी विचारले होते, आणि लहानपणी ज्या ज्या बावखलात ते पोहले होते ती त्यांनी बोटांवर मोजून दाखवली होती. एवढ्याने लेखाला वजन येईना, म्हणून मी ती बेरीज वर ओढून गोल केली. आधी 'सुमारे' असा शब्द घातला होता. मग वाक्य लुळे वाटले म्हणून तो खोडला. तो आकडा मी इथे देत नाही, कारण तो पुन्हा छापला गेला तर पुन्हा प्रवासाला निघेल आणि यावेळी त्याच्याकडे दिवाळी अंकाचा दाखलाही असेल.

एवढ्यावर निभावले असते तर मी हसून सोडून दिले असते. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या आळीजवळचे एक बावखल रातोरात भरावाने बुजवले गेले, तेव्हा गावकऱ्यांनी केलेल्या अर्जात माझाच आकडा पहिल्या परिच्छेदात दिमाखाने बसला होता. ज्या कचेरीत अर्ज गेला तिथल्या साहेबांनी, पुतणीसारखेच, आधार मागितला. कोणापाशी तो नव्हता. एक गोष्ट पोकळ निघाल्यावर बाकीच्या खऱ्या गोष्टींकडेही कोणी लक्ष देईना. त्या दिवशी साहेबांना शिव्या घालणाऱ्यांत मीही होतो.

मी बचाव केला नाही असे नाही. कुठेतरी वाचलेले आठवले ते पुढे केले. "तुमचे ते मोठे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास, त्यांनी म्हैसूरकडच्या एका गावावर आठवणीतूनच पुस्तक लिहिले ना?" तिला ही गोष्ट माझ्याहून चांगली ठाऊक होती. श्रीनिवास हे मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्यांचे विद्यार्थी. १९४८ साली ते रामपुरा या गावी राहिले. १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे असताना आग लावण्यात आली आणि त्यांनी वर्षानुवर्षे तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. मग त्यांनी मुख्यतः आठवणींच्या बळावर लिहिले आणि १९७६ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. "पण काका," ती म्हणाली, "त्यांनी पुस्तकाला नावच दिले 'द रिमेम्बर्ड व्हिलेज'. आठवणीतले गाव. 'सुमारे' त्यांनी मुखपृष्ठावर छापले. तुम्ही खोडले."

यावर काय बोलणार?

मग प्रायश्चित्त म्हणून मी तिच्याबरोबर हिंडलो. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात गेलो. १८९३ साली स्थापन झालेली ही संस्था, आणि आयुष्यभर ठाण्यावरून जाऊनही मी तिच्या पायऱ्या चढलो नव्हतो. मुंबईला एशियाटिकच्या पायऱ्या मात्र मोजत चढलो, कारण गुडघ्यांनी मोजायलाच लावल्या. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर पाहिले. वसईच्या बागायतीबद्दल त्यात भरपूर मजकूर आहे. पण ते लिहिणाऱ्या साहेबांना सरकारी सारा हवा होता, आणि अमुक जात कष्टाळू, तमुक जात व्यसनी असे शिक्के त्यांनी बेधडक मारले आहेत. पुतणीचे म्हणणे असे की पिके आणि सारा यांबाबत त्यांचे ऐकावे, माणसांबाबत ऐकताना कान टवकारावेत. हेच गॅझेटियर आता घरबसल्या इंटरनेटवर वाचता येते. जुन्या जनगणनांच्या जिल्हा पुस्तिकाही जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर आहेत. विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा'वर मिळतात. पण गंगेत सगळेच वाहून येते, म्हणून प्रबंधातले विधान उचलण्याआधी तळटीप उघडून मूळ ग्रंथ पाहायचा, हा तिचा नियम. पैसे भरले की काहीही छापणारी नियतकालिके निघाली आहेत, त्यांच्यापासून ती चार हात दूर असते. 'सोशिऑलॉजिकल बुलेटिन' हे १९५२ पासूनचे नियतकालिक आणि 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' यांवर तिचा भरवसा. तरी त्यांचेही ती तपासते.

मी एकदा चोरून मोबाइलमधल्या त्या बोलक्या यंत्राला बावखलांविषयी पुस्तके विचारली. त्याने तात्काळ, अत्यंत अदबीने, एका पुस्तकाचे नाव, लेखक आणि साल सांगितले. ग्रंथपालबाईंनी अर्धा तास शोधले. असे पुस्तक कोणी लिहिलेलेच नव्हते! मला त्या यंत्राविषयी एकदम आपुलकी वाटली. त्यानेही वाक्याला वजन यावे म्हणूनच केले असणार.

गावच्या लोकांना काही कळत नाही, असे मात्र पुतणी म्हणत नाही. शेजारच्या सोपाऱ्यात एका टेकाडाला लोक पिढ्यान् पिढ्या 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणले, तेव्हा आत कोट नव्हता, बौद्ध स्तूप होता. लोकांचे नाव चुकले होते; पण इथे काहीतरी आहे, ही आठवण चुकली नव्हती. "म्हणून विचारायचे सगळ्यांना," ती म्हणते, "आणि खणायचेही."

आमचे खणणे भूमी अभिलेखाच्या नकाशापासून सुरू झाले. सातबारावर बावखल हा शब्द शोधून मी थकलो. मग आमच्याच एका तुकड्याच्या उताऱ्यावर तिने पोटखराब्याच्या रकान्यावर बोट ठेवले. लागवड होत नाही म्हणून ज्या गुंठ्यांना सरकारने खराबा म्हटले होते, तिथेच साऱ्या वाडीचे पाणी होते. नकाशा हातात घेऊन आम्ही आळी-आळी पालथी घातली. जे दिसले त्यावर एक खूण, बुजलेले पण दोन वेगवेगळ्या घरांनी दाखवलेले त्यावर दुसरी, एकाच तोंडून ऐकलेले त्यावर तिसरी. दोन घरांत बोलणे नसले तर ती खूश होई. भांडणारे भाऊ संगनमत करीत नाहीत, म्हणे! एका आजींनी तर बुजलेल्या बावखलाची कड काठीने जमिनीवर आखून दाखवली, आणि जुन्या नकाशावरची कड जवळजवळ तीच निघाली. तेव्हा आजींपेक्षा मीच अधिक हरखलो.

बेरीज माझ्या आकड्यापेक्षा बरीच कमी भरली. ती तिच्या प्रबंधिकेत नकाशासह येईल. स्मरणिका काढणाऱ्या संस्थेला मी दुरुस्तीचे पत्र पाठवले. संकेतस्थळालाही लिहिले, उत्तर अद्याप नाही. गावकऱ्यांचा अर्ज नव्याने केला. त्यात गावभरची बेरीज नाही. फक्त ते एक बावखल आहे: सर्व्हे नंबर, नकाशाची नक्कल, आणि तीन घरांतल्या वृद्धांची जबानी, वय आणि तारखेसह. साहेबांनी यावेळी अर्ज परत केला नाही. ठेवून घेतला आहे.

परवा पुतणीची वही टेबलावर उघडी राहिली होती. वाचू नये, पण वाचली. मौखिक माहिती देणाऱ्यांच्या यादीत माझे नाव होते, वय होते, भेटीची तारीख होती. आणि पुढच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिले होते, 'पडताळणी बाकी'.