जास्तीचा दाब

मामाचं अ‍ॅक्युट्रॉन घड्याळ टिकटिकत नाही, गुणगुणतं. रात्री उशाशी ठेवलं की डास आला म्हणून आजी झोपेतच हात झटकायची. मामा बोटीवर नोकरीला, तिकडूनच त्याने ते आणलेलं. बुलोव्हा कंपनीने 1960 साली बाजारात आणलेली ही करामत माक्स हेट्झेल या स्विस अभियंत्याची. तोलचाकाच्या जागी इवलासा नादकाटा, सेकंदाला 360 वेळा थरथरणारा.

परवा सेल बदलून आणला आणि घड्याळ असं सुटलं, की दुपारच्या जेवणालाच तिन्हीसांजा झाल्या!

अंबरनाथच्या म्हाताऱ्या घड्याळजींनी आधी पंखा बंद केला, लोकल जाऊ दिली, मग ते कानाशी धरलं. "दाब जास्त झालाय हो." जुना पाऱ्याचा सेल 1.35 व्होल्टचा. पारा विषारी, म्हणून तो बाजारातून गेला. आताचा सिल्व्हर ऑक्साइडचा 1.55 देतो. तेवढ्यानेही नादकाटा जास्त झुलतो, आणि त्याला जोडलेला माणकाचा खडा एकाऐवजी दोन-दोन दाते ओढतो. चाक 2.4 मिलिमीटरचं, त्यावर दाते 300! नादकाटा हलवणाऱ्या कॉइलची तार केसाहून बारीक, चिमटा घसरला की संपलं. दुसरा खडा चाकाला मागे फिरू देत नाही. या दोन खड्यांचं एकमेकांशी जुळवून द्यायला घड्याळजींनी दोन शनिवार घेतले. काही कारागीर डायोड घालून जास्तीचा दाब उतरवतात. ते त्यांना पटत नाही. मूळ यंत्रात उपरं काही नको. मला विचाराल तर डायोड परवडला असता, पण त्यांच्यापुढे बोलणार कोण?

घड्याळ मिळालं त्या रविवारी बारवी धरणाच्या बाजूला गेलो होतो. श्रावण सुरू होता. पावसात धरणापाशी जायला मनाई, म्हणून रस्त्यावरूनच पाहिलं. पाणी 72.60 मीटरला टेकलं की इथले दरवाजे आपले आपण उघडतात, कुणी कळ फिरवावी लागत नाही. बदलापूर-अंबरनाथच्या नळांना पोचतं तेच हे पाणी. जास्तीचं सुटतं आणि खाली उल्हासला मिळतं. मामाच्या घड्याळाला असा सांडवा नाही. त्याचं जास्तीचं दोन शनिवार भिंग लावून काढावं लागलं.

मी मनगट कानाशी नेलं. पाण्याच्या आवाजात गुणगुण कुठली ऐकू येणार? सेकंदकाटा मात्र कुठेही न अडखळता, तेल ओतल्यासारखा सरकत होता.