फ्रीडाचं सफरचंद

पुणे, ३ नोव्हेंबर

चि. सानिका,


तुझं पत्र मिळालं. हॉस्टेलवरच्या वादात तू म्हणालीस ते वाचून चैन पडेना: सरकार काय करतं ते बघावं, काय म्हणतं ते सोडून द्यावं, शब्दांवरून कशाला डोकं फोडायचं. फोनवर हे बोलून भागणार नाही, म्हणून लिहायला बसले. तू ज्या विद्यापीठात शिकतेस तिथल्याच एका प्राध्यापकांनी या प्रश्नापायी जीव धोक्यात घातला होता.

व्हिक्टर क्लेम्पेरर त्यांचं नाव. १९२० पासून ते ड्रेस्डेनला फ्रेंच साहित्य शिकवत. वडील रब्बी, स्वतः प्रॉटेस्टंट झालेले, पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढलेले. हिटलरच्या कायद्यापुढे यातलं काहीच चाललं नाही. १९३५ मध्ये नोकरी गेली. मग ग्रंथालयाची दारं बंद झाली, घर गेलं, टाइपरायटर गेला. ज्यूंनी पाळीव प्राणी ठेवायचे नाहीत असा हुकूम निघाला, तेव्हा घरातलं मांजरसुद्धा मारून टाकावं लागलं. बायको एव्हा ज्यू नव्हती. घटस्फोट घेतला असता तर ती सुटली असती. तिने घेतला नाही, आणि मुख्यतः त्यामुळेच इतकी वर्षं ते छावणीत जायचे टळले.

पुस्तकं हातची गेली, तेव्हा त्यांनी आजूबाजूचं बोलणंच अभ्यासाला घेतलं. रेडिओवरची भाषणं, वर्तमानपत्रं, मृत्यूच्या जाहिराती, दुकानातलं आणि कारखान्यातलं बोलणं, सगळं ते रोज टिपून ठेवत. एव्हा ते कागद पिर्ना गावातल्या एका डॉक्टर मैत्रिणीकडे नेऊन लपवायची. सापडले असते तर तिघांपैकी कुणीच वाचलं नसतं. या टिपणांतून १९४७ साली त्यांचं ‘एलटीआय’ हे पुस्तक आलं. नाझी राजवटीच्या भाषेला त्यांनी ठेवलेलं हे सांकेतिक नाव.

त्यातला एकच प्रसंग तुला सांगते. त्यांना पाकिटं बनवण्याच्या कारखान्यात सक्तीने कामाला लावलं होतं. ज्यू कामगारांशी कामाखेरीज बोलायला इतरांना बंदी होती. तरी फ्रीडा नावाची एक बाई त्यांच्या आजारी बायकोची चौकशी करायची. एके सकाळी त्यांच्या मशीनवर एक मोठं, छान सफरचंद ठेवलेलं. फ्रीडाने ते बायकोसाठी आणलं होतं. दिवस टंचाईचे, शिवाय पकडलं गेलं तर शिक्षा. आणि तेवढ्यात तिने कुतूहलाने विचारलं, की तुमची बायको जर्मन आहे असं ऐकलं, ते खरं का?

नीट बघ, तिने काय विचारलं ते. समोरचा माणूस तिच्याइतकाच जर्मन होता. त्याची भाषा, शिक्षण, सैन्यातली नोकरी, सगळं जर्मन. पण ‘ज्यू’ म्हटलं की ‘जर्मन’ नाही, हे तिच्या मनात इतकं मुरलं होतं, की आपण काही वेगळं बोललो हेही तिला कळलं नाही. ती दुष्ट नव्हती. भाषणांना टाळ्या पिटणाऱ्यांतलीही नसावी. तिचं मन मायाळूच राहिलं, फक्त मनातले शब्द दुसऱ्या कुणीतरी लावून दिले होते. मला भीती वाटते ती याची. द्वेषाने पेटलेला माणूस दुरून ओळखू येतो. फ्रीडासारखी माणसं तर तुझ्या-माझ्या घरात असतात.

हे एका भाषणाने होत नाही. एकेक शब्द रोज कानावर पडत राहतो. ‘फॅनॅटिक’ घे. आधी हे दूषण होतं, आंधळ्या निष्ठेने पेटलेल्या माणसाला लावायचं. नाझींनी ते स्तुतीचं केलं. निष्ठा फॅनॅटिक, शौर्य फॅनॅटिक. माघार घेतली तर आघाडी ‘सरळ केली’ म्हणायचं. आणि २० जानेवारी १९४२ ला बर्लिनमधल्या वान्झेला पंधरा अधिकारी बसले, युरोपभरच्या ज्यूंच्या संहाराची व्यवस्था लावायला. त्या बैठकीच्या इतिवृत्तात लोकांना पूर्वेकडे ‘हलवण्या’ची भाषा आहे. टाइप करणाऱ्याला, फाइल पुढे सरकवणाऱ्याला, गाडीचं वेळापत्रक आखणाऱ्याला आपण काय करतोय हे स्वतःशीसुद्धा बोलावं लागू नये, अशी ती सोय होती. म्हणून म्हणते, काय म्हणतात ते सोडून दिलं की काय करतात तेही दिसेनासं होतं.

आपल्याकडे इतकं भयानक घडलं नाही, आणि इथल्या गोष्टींची त्याच्याशी बरोबरी मी करणार नाही. पण आणीबाणीत विनोबांचा ‘अनुशासन पर्व’ हा शब्द सरकारने उचलला आणि जिकडेतिकडे लावला. लोक खटल्याविना तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, आणि या सगळ्याला नाव शिस्तीचं. पुढे विनोबांनीच खुलासा केला, की अनुशासन आचार्यांचं असतं, सत्तेचं असतं ते शासन. तोवर शब्द हातचा गेला होता. त्याच काळात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध स्पष्ट बोलल्या, पुढे तुरुंगातही गेल्या. आज एखादी वस्ती पाडली आणि बातमीत ‘सुशोभीकरण’ आलं, की मी थांबून विचारते, त्यातली माणसं कुठे गेली?

युद्ध संपल्यावर बव्हेरियातल्या एका खेड्यात क्लेम्पेररना बर्लिनची एक कामगार बाई भेटली. ती तुरुंगात जाऊन आली होती. कशासाठी, असं त्यांनी विचारलं. हिटलरबद्दल आणि त्याच्या राजवटीबद्दल तोंडातून काही शब्द गेले होते, एवढ्यासाठी. ही टिपणं छापायचीच, हे त्यांनी तिचं उत्तर ऐकून ठरवलं. तिला शिक्षा करणाऱ्यांना शब्दांची किंमत बरोबर कळत होती, सानिका. ती आपल्याला कळू नये, हे मला सहन होत नाही.

तुमच्या ग्रंथालयात हे पुस्तक नक्की असेल. आता तुला जर्मन चांगलं येतं, तर मुळातूनच वाच आणि त्या हॉस्टेलच्या मित्रमंडळींनाही दे. फ्रीडाचं प्रकरण आधी वाच. मग मला लिही, तिच्या जागी तू असतीस तर काय विचारलं असतंस.

तुझी,
मावशी